द्राविडी प्राणायाम : संगणकवाल्यांच्या एका थट्टेचा इतिहास

पणजीहून म्हापशाला जायचे तर माणूस मांडवीचा पूल ओलांडतो, पर्वरीचा चढ चढतो आणि पुढे सरळ म्हापसा गाठतो. एखाद्याने त्यासाठी आधी फोंडा गाठले, तिथून डिचोली केली आणि मग तो म्हापशाच्या बाजारात अवतरला, तर आपण त्याला काय म्हणू? वाटेत काही काम असेल म्हणू. काम नव्हते असे कळले तर हसू. या प्रकाराला आपल्या मराठीत फार छान नाव आहे, द्राविडी प्राणायाम. समोरचे नाक सरळ धरायचे सोडून हात डोक्यामागून फिरवून आणायचा आणि मग धरायचे. नाक शेवटी हातात येतेच. त्रास होतो तो खांद्याला!

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींमध्ये या द्राविडी प्राणायामाची मोठी परंपरा आहे. तीही चुकून घडलेली नव्हे, तर मुद्दाम, हौसेने, स्पर्धा भरवून जोपासलेली. एका ओळीत होणारे काम शंभर ओळींत करायचे, शून्य लिहायचे तर ते शून्य न वाटेल असे लिहायचे, आणि मग आपसांत पोट धरून हसायचे. बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण या थट्टेचा इतिहास पाहिला की तिच्यामागचे कारण दिसू लागते, आणि ते कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेली कामांची यादी. यादी सरळ असो की वेडीवाकडी, यंत्राला त्याचे सुखदुःख नाही. ते निमूटपणे सांगितलेले करते. यादी वाचताना जीव जातो तो माणसाचा. आज लिहिलेला प्रोग्रॅम उद्या कोणीतरी दुसरा उघडणार, त्यातली चूक शोधणार, त्यात भर घालणार. म्हणजे प्रोग्रॅम हे यंत्रासाठी लिहिलेले असले तरी माणसाने वाचायचे लिखाण आहे. ही सारी थट्टा या एका वाक्यावर उभी आहे.

थट्टेची सुरुवात संगणकाच्या जन्माइतकी जुनी आहे. ब्रिटनमध्ये विल्यम हीथ रॉबिन्सन नावाचे एक व्यंगचित्रकार होते. साध्यासुध्या कामासाठी दोऱ्या, कप्प्या, चाके आणि गाठी मारलेल्या सुतळ्या यांची अचाट यंत्रे ते काढीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी एक यंत्र आले. त्यात छिद्रे पाडलेल्या दोन कागदी फिती प्रचंड वेगाने, एकमेकींशी अचूक जुळवून पळवाव्या लागत. फिती ताणल्या जात, तुटत, जुळणी बिघडे. ते यंत्र चालवणाऱ्या मुलींनी त्याचे नाव ठेवले, हीथ रॉबिन्सन! नाव इतके चपखल बसले की इतिहासात तेच राहिले.

पुढे टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने विचार केला की दोन फिती हव्यातच कशाला? दुसऱ्या फितीवर जे असते ते यंत्राच्या आतच विजेच्या साहाय्याने तयार करता येईल. त्यातून १९४४ च्या सुरुवातीला कोलोसस हे यंत्र उभे राहिले. एक फीत गेली आणि जुळणीची कटकट कायमची मिटली. ज्या आडवळणाला लोक हसत होते, तेच नेमके काढून टाकले गेले. हा फ्लॉवर्स ब्रिटिश टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरीला होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. टपाल खाते या लेखात पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर संगणक विद्यापीठांत आणि कंपन्यांत शिरले, प्रोग्रॅम लांबलचक होऊ लागले. १९६८ साली एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे एक पत्र प्रसिद्ध झाले. प्रोग्रॅममध्ये 'गो टू' नावाची एक आज्ञा असे : इथून उठ आणि अमुक ओळीवर जा. तिच्या बेबंद वापराने वाचणाऱ्याला कोण कुठून कुठे गेला याचा पत्ताच लागत नाही, म्हणून ती टाळावी, असे डाइक्स्ट्रांचे म्हणणे. मोठा वाद माजला. १९७३ साली लॉरेन्स क्लार्क नावाच्या लेखकाने एका अमेरिकन मासिकात गंभीर चेहऱ्याने उपाय सुचवला की 'गो टू' नको ना, मग 'कम फ्रॉम' घ्या! म्हणजे जाणाऱ्याला कल्पनाच नसते आणि दूरवरची एक ओळ त्याला परस्पर आपल्याकडे ओढून घेते. पणजीच्या बसमध्ये बसलेला माणूस पर्वरीला पोचताच अचानक काणकोणात उभा, असा हा प्रकार.

त्याआधी वर्षभर, १९७२ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोघा विद्यार्थ्यांनी एक अख्खी भाषाच थट्टेखातर रचली होती. तिचे नाव इंटरकॅल. इतर कुठल्याही भाषेसारखी ती नसावी, हा तिचा एकमेव हेतू. तिच्यात साधी बेरीजसुद्धा नाही, ती करायची तर इतर चमत्कारिक क्रियांतून घडवावी लागते. शिवाय यंत्राशी सभ्यपणे बोलावे लागते. आज्ञांपैकी पुरेशा आज्ञांना 'प्लीज' लावले नाही तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो आणि फार वेळा लावले तर खुशमस्कऱ्या म्हणून! उत्तर रोमन आकड्यांत मिळते.

एक उदाहरण देतो. या भाषेत ६५,५३५ पर्यंतची संख्या सरळ लिहिता येते. त्याहून एकच मोठी, ६५,५३६, हवी असेल तर? मग ० आणि २५६ या दोन संख्या घ्यायच्या, संगणकाच्या पद्धतीने ० आणि १ च्या रांगेत मांडायच्या आणि पत्ते पिसावेत तशा एकात एक मिसळायच्या. २५६ मधला एकुलता एक '१' मिसळताना बरोबर दुप्पट अंतरावर सरकतो आणि ६५,५३६ तयार! या भाषेत ती संख्या मिळवण्याचा हाच सर्वांत सोपा मार्ग, असे तिची पुस्तिका गंभीरपणे बजावते. १९९० साली या भाषेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा 'कम फ्रॉम' तिच्यात दाखल झाले. पुढे तिला संख्या सांगताना एकेक अंक इंग्रजीखेरीज इतर काही भाषांत लिहिण्याचीही मुभा मिळाली, आणि त्या भाषांत आपली संस्कृतही आहे. रोमन आकड्यांत उत्तर देणाऱ्या यंत्राला संस्कृतात अंक सांगायचे! द्राविडी प्राणायामाला याहून शोभणारी जागा मला तरी सुचत नाही.

या परंपरेचा खरा उत्सव सुरू झाला १९८४ मध्ये. लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसेल हे दोघे एका कंपनीत युनिक्स प्रणालीवर काम करत होते. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करणे त्यांच्या वाट्याला आले. त्यात एक होता बॉर्न शेल, स्टीव्ह बॉर्न यांनी लिहिलेला अतिशय उपयुक्त प्रोग्रॅम. तो 'सी' भाषेत होता. पण बॉर्न यांना 'अल्गोल' ही जुनी भाषा प्रिय, म्हणून त्यांनी 'सी'ला अल्गोलची वस्त्रे चढवली होती. 'इफ'ने सुरू झालेले वाक्य 'इफ' उलटे करून 'फि'ने संपायचे. यंत्राची काहीच तक्रार नव्हती. वाचणारे हे दोघे मात्र घामाघूम झाले. त्या वैतागातून त्यांनी जाहीर केले की चला, याहून वाईट कोण लिहितो पाहू! अशी सुरू झाली इंटरनॅशनल ऑब्फस्केटेड सी कोड कॉन्टेस्ट, म्हणजे 'सी' भाषेतल्या दुर्बोध लेखनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा.

पहिल्याच वर्षी एका अनामिक स्पर्धकाने जगातला सर्वांत साधा प्रोग्रॅम निवडला. पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' एवढेच उमटवायचे. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकापासून 'सी' शिकणाऱ्या प्रत्येकाचा हा श्रीगणेशा. या गृहस्थाला त्यात एके ठिकाणी शून्य हवे होते. त्याने वजाबाकीच्या चिन्हातून वजाबाकीचेच चिन्ह वजा केले. संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो, त्यामुळे कुठलेही चिन्ह स्वतःतून वजा केले की शून्य उरणारच. एक हवा होता तिथे भागाकाराच्या चिन्हाला भागाकाराच्या चिन्हाने भागले. असले काही आपण लिहू शकतो याची लेखकालाच इतकी लाज वाटली म्हणे, की परीक्षकांनी त्याचे नाव गुप्त ठेवले!

नंतर तर कल्पकतेला ऊत आला. १९८८ साली ब्रायन वेस्टली यांचा प्रोग्रॅम कागदावर चक्क वर्तुळाकार दिसत होता. तो स्वतःच्याच वर्तुळाच्या आकारावरून 'पाय'ची किंमत काढतो आणि अधिक अचूक उत्तर हवे तर वर्तुळ मोठे काढायचे. १९९४ साली कोणीतरी 'स्वतःचीच प्रत छापणारा जगातला सर्वांत छोटा प्रोग्रॅम' म्हणून कोरी फाइल पाठवली. आत काहीच नाही, बाहेरही काहीच येत नाही, म्हणजे प्रत अचूक! नियमांचा सर्वांत वाईट गैरवापर केल्याबद्दल तिला बक्षीस मिळाले. मधून मधून खंड पडत ही स्पर्धा अजून चालू आहे. २०२० नंतरच्या खंडानंतर २०२४ ची स्पर्धा पार पडली तेव्हा तिला ४० वर्षे झाली होती.

महाभारताची कथा आपल्याकडे अशी सांगतात की, लिहिणाऱ्या गणपतीचा हात जरा थांबावा म्हणून व्यासांनी मधे मधे कूटश्लोक पेरले. अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही, ही अट होतीच. गणपती विचारात पडे, तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक रचून घेत. कूटरचना ही अशी जाणत्याने जाणत्यासाठी केलेली खेळी असते. आपल्या लग्नातला उखाणा घ्या. नवऱ्याचे नाव दोन शब्दांत सांगता येते, पण नवरी महादेवाची पिंडी, चांदीचे ताट, केवड्याचे पान असा सगळा फेरफटका मारून तिथे पोचते. ऐकणाऱ्या प्रत्येकाला नाव आधीच ठाऊक असते. म्हणून तर मजा येते.

याच जातीचा एक विनोद १९९० च्या दशकात ईमेलमधून जगभर फिरला. 'हॅलो वर्ल्ड' लिहिणाऱ्याची उत्क्रांती असे त्याचे स्वरूप. शाळकरी मुलगा दोन ओळींत काम करतो. कॉलेजात गेल्यावर त्या वाढतात. अनुभवी व्यावसायिक त्यासाठी आधी स्वतंत्र साधने घडवतो, आणि निष्णात म्हणवणारा तेच दोन शब्द उमटवायला पानेच्या पाने खर्च करतो. मग माणूस साहेब होतो आणि 'दुपारपर्यंत हॅलो वर्ल्ड हवे' असे पत्र हाताखालच्याला धाडतो. सर्वांत वरच्या साहेबाला तर ते पत्र पाठवायची आज्ञाही आठवत नाही. हा विनोद वाचून ज्याला आपल्या कचेरीची आठवण झाली नाही, असा माणूस विरळा.

२००१ साली विलामेट विद्यापीठातल्या फ्रिट्झ रूर या प्राध्यापकांनी 'हॅस्केल' भाषेसाठी असाच नमुना केला. काम होते फॅक्टोरियल काढण्याचे, म्हणजे १ पासून दिलेल्या संख्येपर्यंतचे सगळे आकडे गुणायचे. पाचाचे फॅक्टोरियल १२०. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते सहज लिहितो. पुढे शिकत जाईल तसतसा त्याचा प्रोग्रॅम अगम्य होत जातो. अगदी शेवटी येतो कायम नोकरीतला, पहिल्या वर्षाला शिकवणारा प्राध्यापक आणि एका ओळीत सांगतो : १ पासून तिथपर्यंतचे आकडे गुणा. एवढी प्रदक्षिणा घातल्यावर माणूस साधेपणाकडे परत येतो, हे या थट्टेतले शहाणपण.

आपल्याकडे या थट्टेने एक वेगळेच वळण घेतले. भारतात 'सी' भाषा शिकलेल्या पिढ्यांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हाताळले नाही असे सहसा होत नाही. ती मुले नोकरीच्या मुलाखतीला गेली की एक प्रश्न हमखास येई. दोन संख्यांची अदलाबदल तिसरी जागा न वापरता करून दाखवा. आता एका भांड्यात दूध आणि दुसऱ्यात ताक असेल तर घरातली कुठलीही बाई तिसरे भांडे घेईल. मुलाखतीत मात्र तिसरे भांडे घेणारा नापास! आधी दोन्ही संख्यांची बेरीज पहिल्या जागी ठेवायची, तिच्यातून दुसरी वजा करून दुसऱ्या जागी ठेवायची, पुन्हा वजा करून पहिली मिळवायची. कोड्यात हे ठीक आहे. आणखी एक लाडका प्रश्न असे : एकाच ओळीत एकाच संख्येला दोन-तीनदा वाढवायचे आणि उत्तर काय येईल ते विचारायचे. 'सी' भाषेच्या १९८९ च्या प्रमाण नियमांनुसार अशा ओळीला ठरलेले उत्तरच नाही. तरी मुले ते पाठ करून जात. जिथे हसायचे तिथे आपण गुण देत होतो.

इथपर्यंत सगळी गंमत झाली. आता टपाल खात्याकडे येऊ.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या हजारो शाखांत 'होरायझन' ही हिशेबाची संगणक प्रणाली बसवली. ती तयार होत असतानाच, १९९८ मध्ये, काउंटरवरचे व्यवहार नोंदवणाऱ्या भागात फार चुका निघतात म्हणून ती बांधणाऱ्या कंपनीत एक तपासगट नेमला गेला. त्या गटाच्या अहवालात प्रोग्रॅमचा एक तुकडा नमुन्यादाखल दिला आहे. काम एवढेच होते की संख्येचे चिन्ह उलटवायचे, ५० चे उणे ५० करायचे. त्यासाठी संख्येच्या आधी उणे चिन्ह लावले की झाले. लिहिणाऱ्याने काय केले? संख्या शून्याहून लहान असेल तर तिचे चिन्ह पुसायचे, नसेल तर त्या संख्येतून तिचीच दुप्पट वजा करायची. पन्नासातून शंभर गेले, उणे पन्नास. हे लिहिणाऱ्याला प्राथमिक गणित आणि प्रोग्रॅमिंगचे साधे नियमही कळत नाहीत, असा शेरा अहवाल लिहिणाऱ्यांनी मारला. तो भाग पुन्हा नव्याने लिहावा हा विचारही पुढे आला. तसे झाले नाही.

पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. होरायझन शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्टर म्हणजे बहुतेक गावातले छोटे दुकानदार, त्यांत भारतीय वंशाचेही पुष्कळ. करारानुसार तूट त्यांनी भरायची. त्यांनी तक्रार केली तर 'असे फक्त तुमच्याच शाखेत होते' हे उत्तर अनेकांना मिळे. कायदाही संगणक बरोबर आहे असे धरून चालणारा. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असल्या गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदरपणी तुरुंगात जावे लागले. अॅलन बेट्स आणि त्यांच्या साथीदारांनी, एकूण ५५५ जणांनी, दावा लढवला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे शाखांच्या हिशेबात तफावत येऊ शकत होती, असा निवाडा दिला. अखेर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

सार्वजनिक चौकशीतून तो १९९८ चा अहवाल उजेडात आला, तेव्हा चिन्ह उलटवणारा तो तुकडा जगभरच्या प्रोग्रॅमरांत फिरला आणि सवयीने सगळे हसले. मलाही हसू आले. पण नीट पाहिले तर त्या तुकड्याचे उत्तर बरोबर येते. त्याने कोणाला तुरुंगात पाठवले नाही, ते काम दुसऱ्या चुकांनी केले. मग अहवालात तो का आला? तापमापक ताप आणत नाही, दाखवतो, तसा. ज्याला एक उणे चिन्ह लावता येत नाही तो लोकांच्या पैशांचा हिशेब लिहितो आहे, हे त्याने दाखवले, आणि तेही प्रणाली गावोगावी जाण्याआधी.

एकच आडवळण दोन ठिकाणी आपण पाहिले. १९८४ च्या त्या अनामिकाने शून्य मिळवण्यासाठी चिन्हातून चिन्ह वजा केले. त्याला शून्य लिहिता येत होते. होरायझनवाल्याने संख्येतून तिची दुप्पट वजा केली. त्याला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता, असे त्याच्या सहकाऱ्यांचेच मत पडले. कागदावर दोन्ही सारखेच हास्यास्पद दिसतात. फरक आहे तो सरळ वाट माहीत असण्या-नसण्याचा. उखाणा घेणारीला नवऱ्याचे नाव ठाऊक असते म्हणून तो उखाणा. नावच ठाऊक नसेल तर मांडवातल्या वडीलधाऱ्यांनी हसत बसायचे नसते, चौकशी करायची असते.

म्हणून या लोकांची ही थट्टा मला मोलाची वाटते. वर्षानुवर्षे मुद्दाम वाकडे लिहून आणि त्यावर हसून त्यांनी सरळ काय असते याची आठवण आपल्या धंद्यात जागी ठेवली. कोलोससच्या वेळी त्या आठवणीचा उपयोग झाला, हसण्याजोगी फीत एका टपाल इंजिनिअरने काढून टाकली. अर्धशतकानंतर त्याच टपाल खात्याच्या वारसदारांसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रणालीतले आडवळण कोणीतरी ओळखले होते, कागदावर लिहूनही ठेवले होते. ते काढायचे काम तेवढे कोणी केले नाही. त्याची किंमत गावोगावच्या दुकानदारांनी भरली.